एमंडी, ते बाळ पुरं झालं

प्रिय एमंडी,

कालच श्रीपूरहून सोलापूरला परत आले. एसटीत बसल्यापासून मनात एकच चाललं होतं, घरी गेल्यावर तुम्हाला हे सांगायचं, तेही सांगायचं. कुलूप काढलं, चपला काढल्या, आत आले आणि मग लक्षात आलं. सांगणार कुणाला? म्हणून लिहायला बसले.

आयुष्यभर घरात आपण तेलुगू बोललो आणि पत्र मात्र मराठीत! पण मला तेलुगू लिहिता कुठे येतं? शाळा मराठी, पेपर मराठी. ‘एमंडी’ तेवढं तसंच ठेवलंय. शेजारच्या कमलताई नेहमी विचारायच्या, “हे एमंडी एमंडी काय गं?” मी सांगायचे, “तुमचं ‘अहो’ तेच आमचं ‘एमंडी’.” तुमचं नाव मी समोर कधी घेतलं नाही. आता कागदावर तरी कशाला घेऊ?

सांगायचं हे, की तुम्ही अर्धं टाकून गेलात ते बाळ पुरं झालं. श्रीपूरच्या सागरचं.

किती भांडलो होतो आपण त्या बाळावरून! साखर कारखान्यात कामाला असलेला तो तरुण मुलगा भवानी पेठेतल्या आपल्या पुढच्या खोलीत येऊन बसला. खाली मान घालून म्हणाला, नऊ महिने भरलेलं बाळ पोटातच गेलं, बायको तेव्हापासून कुणाशी धड बोलत नाही, तिच्यासाठी खऱ्या बाळासारखी बाहुली करून द्या. फोटो? एकही नाही. आणि तुम्ही हो म्हणालात!

तो गेल्यावर मी तडकले. “गेलेल्या लेकराची बाहुली? त्या पोरीचं डोकं फिरलं तर?”

तुम्ही म्हणालात, “अगं, तो एवढ्या लांबून आला. त्याला नाही कसं म्हणू?”

हे तुमचं नेहमीचंच. माणसाला नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलं का? मागावर बोट गेलेल्या मित्राला नाही म्हणता आलं नाही, म्हणून चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा तुमच्यासारखा माणूस पुण्याला जाऊन सिलिकॉनची बोटं करायला शिकला. मग नर्सिंगच्या शाळेनं विचारलं, मुलींना बाळ न्हाऊ घालायची सवय व्हावी म्हणून मऊ बाळं करता येतील का, तर त्यांनाही हो. घरात सगळीकडे बाळंच बाळं! टेबलावर बाळ, खिडकीत वाळणारं बाळ, धान्याच्या डब्यावर बाळ. आपली लावण्या लहान असताना मैत्रिणींना सांगायची, आमचे नाना बाळं ओततात.

तुम्ही अंग ओतायचं आणि कातडं करायचं, मी रंग भरायचा. आपली वाटणी ठरलेली. ‘त्वचा’ हा शब्द तुमच्या तोंडी कधी आला नाही. “रंग नंतर. आधी कातडं,” असं म्हणायचात. साच्यातून निघालेलं मऊ अंग उकडून सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत असतं. त्यावर पातळ सिलिकॉनचा हात फिरवून, ते आळत असतानाच स्पंजानं टिपत टिपत तुम्ही बारीक खरखर उठवायचात. नाकाच्या शेंड्यावर संत्र्याच्या सालीचा ठसा. मनगटावर, गुडघ्यामागे सुईनं ओढलेल्या रेघा. मी मागे उभी राहून बघायचे. बघता बघता त्या बटाट्याचं बाळ व्हायचं.

मला कधी करू दिलंत का? “तुझा हात रंगाचा,” म्हणायचात. मीही कधी हट्ट केला नाही.

आणि मग ती सकाळ. सागरच्या बाळाचं अंग ओतून झालं होतं. तुम्ही स्पंज कापत बसला होतात. मला हाक मारलीत, “पाणी दे गं.” मी तांब्या घेऊन आले तर तुम्ही स्टुलावरून खाली बसला होतात, भिंतीला टेकून. दोन घोट घेतलेत. कपाळावर एवढा घाम! मी म्हणाले, रिक्षा बोलावते. तुम्ही म्हणालात, “थांब जरा, बरं वाटतंय.” हेच तुमचं शेवटचं बोलणं. बरं वाटतंय! रिक्षा दवाखान्यात पोचली तेव्हा तुमचा हात माझ्या हातात होता, आणि तो गार पडत चालला होता.

छातीत आधीपासून दुखत होतं ना? नंतर लावण्याला तुमच्या शर्टाच्या खिशात पित्ताच्या गोळ्या सापडल्या. पित्ताच्या! मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

घरी माणसं जमली. कुणीतरी टेबलावरचं पांढरं फडकं उचललं आणि किंचाळलं. खाली ते बाळ होतं, बिनकातड्याचं, डोळे मिटलेलं. तुमच्या वहिनी म्हणाल्या, हे अभद्र आधी बाहेर काढा. लावण्यानं ते उचलून कपाटात ठेवलं. तेरावं झाल्यावर म्हणाली, “अम्मा, चल माझ्याबरोबर पुण्याला. हे सगळं आवरून टाकू.” मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. सिलिकॉनचे, रंगांचे डबे बांधायला सुद्धा घेतले.

तेवढ्यात सागरचा फोन आला. तुमच्या नंबरवर.

“काका हायत का?”

मी सांगितलं. तो म्हणाला, “मला म्हाईत न्हवतं वो काकू. राहू द्या मग. बाहुलीचं राहू द्या.”

मला सुटल्यासारखं झालं. फोन ठेवायच्या आधी सहज विचारलं, “बायको कशी आहे तुमची?”

“तशीच हाय. सैपाक करती, धुणं धुती. तोंड उघडत न्हाय.”

“तिला बाहुलीचं ठाऊक आहे?”

“न्हाय. एकदम दिली असती.”

एकदम दिली असती! एमंडी, तुम्ही त्याला हे विचारलंच नव्हतंत? मला इतका राग आला, त्याचाही आणि तुमचाही. तिच्या मांडीवर एकदम बाळ ठेवणार होता हा! मी म्हणाले, “पत्ता द्या. मी येते. आधी तिच्याशी बोलते, मग बघू.” का म्हणाले, मला अजून कळत नाही. तुमचं नाही न म्हणणं मला चिकटलं असेल.

लावण्या रागावली. तरी गेले.

कारखान्याच्या वसाहतीजवळच त्यांचं दोन खोल्यांचं घर. मळीचा वास दारापर्यंत येतो. सागर, त्याची आई आणि रेणुका. पोरगी विशी ओलांडलेली, एवढीशी. पाणी दिलं आणि भिंतीला टेकून बसली. सासूबाईंनी चहा टाकला. मी कोण, कशाला आले, सगळं सरळ सांगितलं. नवरा बाळं करायचा, तुझ्या नवऱ्यानं तुझ्यासाठी एक सांगितलं होतं, माझा नवरा गेला, बाळ अर्धं राहिलं, तुला नको असेल तर करणार नाही.

तिनं सागरकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

मी पिशवीतून तुम्ही केलेला तो नमुन्याचा हात काढला, नर्सिंगच्या मुलींसाठी केलेला, लहान बाळाचा. तिनं तो घेतला. अंगठ्यानं मनगटाच्या वळीवरून हळूच फिरवत राहिली. मग बोलली. सागर दचकला, एवढ्या दिवसांनी तो आवाज ऐकून.

“आमच्या बाळाचं हात असंच हुतं का?”

मी म्हणाले, “ते तू सांगायचं, पोरी.”

“मी कसं सांगू? मला दाखवलंच न्हाय.”

एमंडी, तिचं सिझर झालं होतं. ती शुद्धीवर यायच्या आत बाळाला नेऊन पुरूनही टाकलं होतं. मुलगा की मुलगी एवढंच तिला कळलं. मुलगा.

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आमीच म्हणलो, तिला दावू नका. तोंड बघितलं की माया लागती. आमच्या येळंला असंच करायचे वो. तिच्या भल्यासाठीच केलं.”

रेणुका म्हणाली, “नऊ महिनं माया लागलीच हुती की.”

मी सागरला विचारलं, “तू बघितलंस?”

“मीच उचलून नेला की.”

“मग तू सांग. मला बाळ करायचं तर कुणीतरी सांगायला पाहिजे. कसा होता?”

त्यानं मान हलवली. नाही नाही करत उठायला लागला. तेव्हा रेणुका म्हणाली, “सांगा की. मलाबी ऐकू द्या.”

तो परत बसला. कसाबसा सुरू झाला. रंग सावळा, “माझ्यागत.” केस पुष्कळ, ओले, कपाळाला चिकटलेले. खांद्यावर, पाठीवर बारीक लव.

“लव?” रेणुकानं विचारलं.

“व्हय. बोट फिरवलं तर कळायची.”

“तुमी बोट फिरवलं?”

“फिरवलं की. गाडीत मांडीवरच हुता. सगळं बघितलं मी.” त्यानं स्वतःचं बोट पुढे केलं. “बोटांचं कातडं सुटलं हुतं, हितं, नखाजवळ. काखंत पांढरं लोणी लावल्यागत हुतं. उजव्या टाचंवर डाग हुता, काळपट, हरबऱ्याएवढा. तुझ्या टाचंवर हाय तसाच.”

रेणुकानं साडी सारून स्वतःची टाच बघितली. आणि मग ती रडली. एमंडी, ते रडणं मी विसरणार नाही. सागर तिच्याजवळ सरकला, म्हणाला, “तुला सांगितलं तर तू मरशील वाटलं मला.” ती म्हणाली, “तुमी एकटेच घेऊन बसला हुता व्हय, एवढं सगळं!”

मी उठून अंगणात गेले. सासूबाई माझ्यामागे आल्या. चहाचा कप माझ्या हातात दिला आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. त्यांना काय वाटत होतं, विचारलं नाही.

निघताना रेणुका दारापर्यंत आली. “करा, काकू,” एवढंच म्हणाली.

करा म्हणाली खरं, पण कातडं तुमचं काम! मला कुठे येत होतं? सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. सिलिकॉन वाटीत ओतेपर्यंत आळायला लागायचं. तुम्ही ओल्या वाळूच्या माठात डबे ठेवायचात, ते मला नंतर आठवलं. पहिल्यांदा स्पंज जोरात बसला आणि पाठ सोललेल्या कोंबडीसारखी झाली. तो थर सोलून काढला. दुसऱ्यांदा इतका हलका हात ठेवला, की काही उठलंच नाही. मी स्पंज भिंतीवर फेकून मारला आणि तुम्हाला शिव्या दिल्या, तेलुगूत, मोठ्यानं. कमलताई विचारायला आल्या, घरात कोण आलंय?

मग शांत बसले आणि तुमचा हात आठवायचा प्रयत्न केला. तुम्ही स्पंज दाबत नव्हतात, फक्त टेकवून उचलायचात. आणि टिपताना बोलणं बंद. मी मागून काही विचारलं तर नुसती मान हलायची. मी समजायचे, तुम्हाला माझी कटकट होते. तसं नव्हतं. स्पंज उचलताना श्वास रोखून धरायचात तुम्ही. मीही रोखला. खांद्यापासून सुरू केलं. सुकल्यावर बोट फिरवलं आणि बोट थांबलं. कातडं होतं ते! खरं सांगते, मी वळून मागे बघितलं, तुम्हाला दाखवायला.

मनगटाच्या वळ्या, गुडघ्यामागच्या रेघा, कानाच्या पाळीची सुरकुती. नखाजवळ सुटलेलं कातडं करायला फार वेळ गेला. अगदी पातळ थर काचेवर वाळवून, त्याचे बारीक तुकडे चिमट्यानं चिकटवले, एक कड मोकळी ठेवून. पाठीवरची लव सुईनं एकेक रोवली. टाचेवरचा डाग शेवटी. त्यानंतर माझं काम, रंग. निळा, तांबडा, पिवळट, एकावर एक झिरझिरीत हात. सावळा रंग तळापासून वर यावा लागतो, वरून फासला तर तो मळ दिसतो. हे मात्र मला येत होतं.

अडले ते ओठांपाशी.

सागर म्हणाला होता, ओठ जांभळे होते. गालही तसेच. पण तसं बाळ मी एका आईच्या हातात कसं देऊ? नर्सिंगच्या बाळांना मी नेहमी गुलाबी ओठ देते, गालावर थोडी लाली. ब्रश हातात घेऊन बसले. गुलाबी लावला असता तर बाळ झोपलंय असं वाटलं असतं. किती सुंदर दिसलं असतं! तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? शेवटी रेणुकालाच फोन केला.

ती म्हणाली, “जित्ता करू नका, काकू. न्हायतर मी तो उठायची वाट बघत बसंन. जसा हुता तसाच करा.”

मी जांभळा घेतला.

काल घेऊन गेले. जुन्या मऊ धोतरात गुंडाळून, तुमच्याच. एसटीत शेजारच्या बाईनं जागा करून दिली, म्हणाली, बाळाला वारा लागतोय, खिडकी लावा. मी खिडकी लावली. काय सांगणार होते?

रेणुका न्हाऊन, पातळ नेसून बसली होती. मी तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं धोतर स्वतः उलगडलं, घाई न करता. आधी टाच बघितली. मग बोटं, एकेक. मग पालथं घेऊन पाठीवर गाल टेकवला आणि तशीच राहिली. सागर तिच्या पायाशी बसला होता. म्हणाला, “असाच हुता. असाच.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. लांबूनच बघत होत्या. मग आत आल्या, खाली बसल्या आणि बाळाच्या नाकावर बोट ठेवलं. “नाक जरा बसकं हुतं,” म्हणाल्या. “त्याच्या आज्यागत.”

रेणुकानं मान वर केली. “तुमी बी बघितला हुता?”

“बघितला की. धुतला मीच. माझ्या लुगड्यात गुंडाळला.” आणि त्या बाईनं पदर तोंडात धरला. सुनेनं तिचा हात धरून जवळ ओढला. आजपर्यंत त्या घरात तिघं तीन कोपऱ्यांत रडत होती, एमंडी.

थोड्या वेळानं रेणुकानं विचारलं, “कुटं ठेवलाय त्याला?”

सागर म्हणाला, “रानात. बांधाला.”

“मला न्या.”

बाळ तिनं अंथरुणावर निजवलं, धोतर पांघरलं. मला वाटलं बरोबर घेईल. नाही घेतलं. हात रिकामे ठेवूनच निघाली. उसाच्या कडेनं आम्ही चौघं चालत गेलो. बांधावर एक शेवग्याचं झाड आहे, त्याच्या बुडाशी दगड ठेवलेला. रेणुका खाली बसली. दगडाभोवतीचं गवत उपटलं, माती हातानं सारखी केली. मग काही तरी बोलत राहिली, हळू आवाजात, आम्हाला ऐकू येणार नाही असं. आम्ही मागे थांबलो. सागर म्हणाला, “काकू, मी रोज कामावर जाताना हितनं जातो. घरी कुणाला सांगितलं न्हवतं.”

बाहुली तिच्याकडेच आहे. किती दिवस ठेवेल, काय करेल, मी विचारलं नाही. निघताना ती मला बांगड्या भरायला लागली. सासूबाईंनी डोळ्यांनी खूण केली, माझ्या कपाळाकडे. रेणुका म्हणाली, “असू द्या की आत्या. काकूला चालत्यात.” आणि भरल्या, हिरव्या. मी भरू दिल्या. रागावला नाहीत ना?

येताना एसटीत मी माझाच विचार करत होते. तुम्ही गेल्यापासून मला तुमचा तो गार पडत चाललेला हात सोडत नव्हता. जेवताना, झोपताना, हाताला तेच. देवाला म्हणायचे, हे माझ्या हातून पुसून टाक. आता नाही म्हणणार. तो हात माझ्या हातात होता. पाण्याचे दोन घोट मी पाजले. घाम मी पुसला. तुमचा चेहरा शेवटपर्यंत मी बघितला, मला कुणी दूर केलं नाही. रेणुकाला जे मागून घ्यावं लागलं, ते मला मिळालं होतं, आणि मी त्याला शाप समजून बसले होते.

डबे सोडून परत फळीवर लावलेत. लावण्याला फोन करून सांगितलं, पुण्याला येईन, राहायला, चार दिवस. ती आधी चिडली, मग तिनं विचारलं, “अम्मा, कातडं जमलं का गं तुला?” मी म्हणाले, ये आणि बघ.

तुम्हाला एक शब्द देते. अशी मागणी घेऊन पुन्हा कुणी आलं, तर मी त्याला नाही म्हणून परत पाठवणार नाही. पण तुमच्यासारखं खोलीत बसून हो सुद्धा म्हणणार नाही. आधी त्या घरी जाईन. आईच्या शेजारी बसेन, तिला काय हवं ते तिच्या तोंडून ऐकेन. ज्यानं बाळ बघितलं असेल त्याला बोलायला लावेन, सगळ्यांसमोर. आणि ती सगळी रडून झाली, की मगच घरी येऊन सिलिकॉनचा डबा उघडेन.

इथे सगळं ठीक आहे. तुम्ही पाणी मागाल असं अजून वाटतं.

तुमचीच,
सुजाता